गुडघ्याच्या उंचीवरचा डाग

आधीच सांगते. पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच हाकलते. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडली आहे. आणि तिचा शेवटचा तुकडा माझ्याच घरात, मी हे लिहितेय त्या खोलीत घडला आहे. त्यामुळे 'कशावरून खरं?' हे मला विचारू नका.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

तेच जास्त वाईट आहे.

मावसभावाला आम्ही सगळे दादा म्हणतो. तो रंगारी. साधी घरं रंगवतोच, पण त्याचा हातखंडा जळक्या घरांत. आग विझते, बघे पांगतात, आणि मग भिंतीवरचा धूर काढायला दादाला बोलावणं येतं.

धुराची भिंत नुसती रंगवून भागत नाही. वर कितीही पांढरा द्या, आतला धूर पिवळा होऊन वर येतोच. आधी कोरड्या स्पंजने काजळी उतरवायची. मग सोड्याच्या पाण्याने धुवायचं. वाळू द्यायचं. मग लाखेचं सीलर मारायचं. त्याचा वास असा उग्र की डोकं भणभणतं. पण ते एकदा वाळलं, की आतला डाग आत आणि आतला वासही आत. त्यावर मग रंग.

"धूर म्हणजे चिवट पाहुणा," दादा म्हणायचा. "हाकलून जात नाही मेला. त्याला आतच कोंडावा लागतो."

हल्ली तो असलं काही बोलत नाही.

दादाच्या घरी दोघंच. तो आणि त्याची आई, म्हणजे माझी मावशी. मावशीला विसरण्याचा आजार आहे. पहिल्यांदा चष्मा विसरायची, मग गॅस, मग माणसं. मग घरच विसरायला लागली. "मला घरी जायचंय," म्हणायची आणि घरातून बाहेर पडायची. एकदा नदीच्या पुलावर सापडली, कठड्याला टेकून खाली बघत उभी.

त्या दिवशी दादाने तिच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली.

सकाळी तो तिला खाऊपिऊ घालायचा, केस विंचरून द्यायचा, आणि कडी लावून कामाला जायचा. दुपारी शेजारच्या काकू दार उघडून जेवण द्यायच्या, थोडा वेळ बसायच्या आणि पुन्हा कडी लावायच्या. मी एकदा बोलले होते, "अरे दादा, माणसाला कोंडतोस?" तर फाडकन म्हणाला, "मग तू ये. बस तिच्यापाशी दिवसभर."

बोलणाऱ्याचं काय जातं? त्याचं मात्र इकडे आड, तिकडे विहीर झालं होतं.

असो. मूळ गोष्टीवर येते.

ते घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाकीच्या खोल्यांना धुराचा नुसता वास. शेवटची खोली मात्र काळी ठिक्कर. त्या खोलीत घरातली म्हातारी गेली होती. पंख्याच्या वायरीतून ठिणगी पडली आणि गादी धुमसली. आग अशी मोठी नव्हतीच. धुराने घात केला.

घर दाखवायला म्हातारीची मुलगी आली होती. चाळिशीच्या पुढची, नीटनेटकी, बोलायला मृदू. दादा तिला ताई म्हणायला लागला. ताई त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"आई झोपेतच गेली," ती म्हणाली. "तिला काही कळलंसुद्धा नाही."

कोणी विचारलं नव्हतं.

"माझा भाऊ यायचाय परगावाहून. तो यायच्या आत ही खोली पांढरी व्हायला हवी. एकसुद्धा डाग दिसता कामा नये."

"दिसणार नाही, ताई," दादा म्हणाला.

दादाच्या जोडीला त्याचा नेहमीचा भागीदार होता. पन्नाशीचा, ढेरपोट्या. त्याला सगळे मौनी म्हणतात, कारण त्याचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं. दोघांनी मास्क चढवले आणि खोलीत शिरले.

धुराची एक तऱ्हा असते. भिंतीला जे काही टेकलेलं असतं, त्याच्यामागे धूर पोचत नाही. सामान हलवलं की तिथे स्वच्छ ठसा उरतो. या खोलीतही होते. घड्याळाचा गोल. कपाटाचा मोठा चौकोन.

"बघ," मौनी म्हणाला, "सामान गेलं, पण फोटो ठेवून गेलं."

दादा हसला नाही. तो खाली बघत होता.

भिंतीवर, जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर… एक पट्टा होता.

काजळी पुसली गेलेला, फिकट पट्टा. पलंग होता तिथून सुरू झालेला. खिडकीखालून गेलेला. कोपऱ्यातून वळलेला. कपाटाला वळसा घालून पुन्हा भिंतीवर आलेला. आणि थेट दाराच्या चौकटीपर्यंत पोचलेला.

दादा उकिडवा बसला. जवळून बघितलं, तर त्यात बोटं दिसत होती.

"बंबवाल्यांचे हात लागले असतील," मौनी म्हणाला.

"बंबवाले हातमोजे घालतात. ही उघडी बोटं आहेत."

लहान पंजा. बाईमाणसाचा. एक हात भिंतीला लावून कोणीतरी गुडघ्यांवर सरकत गेलं होतं. तीन बोटं आणि अंगठा स्पष्ट उमटला होता. करंगळी कुठेच टेकलेली नव्हती.

झोपेत गेलेलं माणूस भिंत चाचपत नाही. हे दादाला कळलं. पण परक्याच्या घरात आपण रंगवायला आलोय, नाक खुपसायला नाही, असं म्हणून त्याने स्पंज उचलला आणि पट्ट्यावरून फिरवला.

खोलीला दार नव्हतं. जळकं दार आधीच काढून टाकलं होतं, नवीन यायचं होतं. काजळी उडून बाकीच्या घरात जाऊ नये म्हणून दादाने नेहमीसारखं केलं. चौकटीवर जाड प्लास्टिक ताणलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. ये-जा करायला मधे एक उभी चीर ठेवली. काम संपवून निघताना त्या चिरेलाही पट्टी.

सगळे रंगारी असंच करतात. यात कोणाला काही वावगं वाटायचं कारण नाही.

खोली घासली, धुतली, वाळू दिली. सीलरचा हात मारला. खिडक्या लावून, चीर बंद करून दोघं घरी गेले तेव्हा चारी भिंती पांढऱ्या होत्या.

सकाळी प्लास्टिक उघडलं…

पट्टा परत आला होता.

आधी काळ्यावर फिकट होता. आता पांढऱ्यावर पिवळट काळा. तीच उंची. तीच बोटं.

"तू नीट धुतली नाहीस!" दादा मौनीवर उखडला.

"मी? अरे, माझे हात सोलून निघाले धुऊन धुऊन! तुझं सीलर पातळ झालं असेल."

"माझं सीलर पातळ? बायको आहे का ती माझी, डाएटवर ठेवायला?"

"बायको असती तर निदान ऐकलं असतंस तिचं."

अशी त्यांची नेहमीची तू-तू मैं-मैं झाली. डाग वर येणं काही जगावेगळं नव्हतं. हलगर्जी झाली की येतो. त्यांनी पुन्हा घासलं, पुन्हा दाट सीलर मारलं. दुपारी वास असह्य झाला म्हणून प्लास्टिक बंद करून दोघं बाहेरच्या खोलीत डबा खायला बसले. घरात दुसरं कोणी नव्हतं. रस्त्यावरही सामसूम होती.

मौनी काहीतरी सांगत होता. मध्येच थांबला.

"दादा… ऐकू येतंय?"

आतून आवाज येत होता.

सर्र…

सर्र…

कोरड्या भिंतीवरून कोणीतरी तळहात घासत नेत होतं. हळूहळू. थांबत, पुन्हा पुढे. आवाज खिडकीकडून निघाला. कोपऱ्यात आला. मग दाराकडे यायला लागला.

दादाने घास डब्यात परत ठेवला.

आवाज प्लास्टिकपाशी आला आणि बंद झाला.

काहीच नाही. श्वासाचा आवाज नाही, पाऊल नाही…

मग प्लास्टिक खालच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, बाहेर फुगलं. आत गेलं. पुन्हा फुगलं.

पट… पट… पट…

"वारा असेल," दादा म्हणाला.

"खिडक्या मी बंद केल्यात," मौनी म्हणाला.

आणि त्यानंतर दिवसभर तो एक शब्द बोलला नाही. मौनी गप्प बसलेला दादाने आयुष्यात पहिल्यांदा बघितला. त्या आवाजापेक्षा त्यालाच तो जास्त घाबरला.

ते आत शिरले तेव्हा खोली रिकामी होती. नुकत्याच वाळलेल्या सीलरवर नवा पट्टा होता. पण आता तो दारापाशी थांबला नव्हता. प्लास्टिकच्या कडेवर बोटं उमटली होती, आणि मग तो दाराच्या पलीकडच्या भिंतीवर चालू झाला होता. तिथे, जिथे आगीच्या दिवशी तो कधीच नव्हता. तिथून कोपरा. तिथून पुन्हा पलंगाची जागा. तिथून पुन्हा खिडकी.

कोणीतरी खोलीत गोल गोल फिरत होतं. दार शोधत होतं. आणि दार सापडत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, काम टाकून पळून का नाही गेले? मीही तेच विचारलं. दादा म्हणाला, "भिंत अर्धवट सोडून कधी आलो नाही मी." हा असला हटवादीपणा आमच्या मावशीकडूनच आलाय त्याच्यात.

दुसऱ्या दिवशी मौनी आला, पण खोलीत जायला तयार होईना. तो हॉलचं छत रंगवत राहिला. नव्या दारासाठी सुताराला बिजागऱ्यांचं माप हवं होतं. जुनं दार मागच्या गॅलरीत पडलंय, हे दादाने पहिल्याच दिवशी बघितलं होतं. तो एकटाच माप घ्यायला गेला.

दार ताडपत्रीखाली, भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं. दादाने ते वळवलं.

आतली बाजू खालून होरपळली होती. आणि त्या होरपळीच्या वर, गुडघ्याच्या उंचीवर, तळव्यांचे ठसे होते. एकावर एक, एकावर एक. तीन बोटं आणि अंगठा.

तिला दार सापडलं होतं तर. आगीच्या दिवशी ती दारापर्यंत पोचली होती.

दादाने दार पालथं केलं. बाहेरची बाजू. वरच्या फटीतून धूर बाहेर आला असणार, त्यामुळे इकडेही काजळीचा थर होता. आणि मधोमध एक लोंबती कडी होती.

दादा त्या कडीकडे बघतच राहिला. हुबेहूब तसली कडी त्याने स्वतःच्या हाताने बसवली होती. स्वतःच्या घरी.

त्याने बोटाने कडी बाजूला सारली.

मी मघाशी काय सांगितलं? जे टेकलेलं असतं, त्याच्यामागे धूर पोचत नाही. आगीच्या वेळी ती कडी अशीच लोंबत असती, तर तिच्यामागे दारावर एक स्वच्छ रेघ उरली असती.

रेघ नव्हती…

काजळी सलग होती. म्हणजे धूर येत होता तेव्हा कडी तिथे नव्हतीच. ती वर होती. कोयंड्यात अडकवलेली.

दादा तिथेच फरशीवर बसला.

"कशाला काढलंत ते?"

मागे ताई उभी होती. दादाला काही विचारायची गरजच नव्हती. ती दाराकडे बघत होती आणि तिच्या तोंडातून आपोआप शब्द बाहेर पडत होते.

"ती निघून जायची हो. दोनदा हरवली होती. एकदा तर गाडीखालीच यायची… मी नोकरी सोडली तिच्यासाठी. सगळं केलं. त्या दिवशी दूध संपलं होतं. ती झोपली होती. म्हटलं, कोपऱ्यावर जाते आणि येते. दुकानात एक ओळखीची भेटली. बोलत उभी राहिले मी. नुसती बोलत उभी राहिले…"

"ताई…"

"मीच कडी काढली. मीच तिला दारातून ओढून बाहेर घेतलं. शेजारी मागून आले. मी सांगितलं, पलंगावरच होती. झोपेतच गेली. भावालाही तेच सांगितलंय. आता त्याला काय सांगू? आईला मी कोंडून मारलं?"

दादाला तिला काहीतरी म्हणायचं होतं. धीराचं. पण तो कुठल्या तोंडाने म्हणणार? त्या क्षणी त्याच्याही घरी कडी लागलेली होती.

आणि तेवढ्यात आतून…

पट… पट… पट…

हॉलमधून ब्रश पडल्याचा आवाज आला. मौनीने ऐकलं होतं. दादाने ऐकलं होतं.

आणि ताई, मान वळवून, डोळे पुसत, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

"आले गं आई, थांब!"

सवयीने. वर्षानुवर्षांच्या सवयीने. शब्द तोंडातून गेले आणि मग तिला कळलं, आपण काय बोललो. ती भिंत धरून खाली बसली.

दादा सांगतो, त्याला भीती तेव्हा वाटलीच नाही. शरम वाटली. एका म्हातारीने रांगत, चाचपत दार गाठलं होतं. तेव्हा कडी होती. आणि आता कडी गेली, दारही गेलं, तर याने येऊन प्लास्टिक ताणलं. चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. वर रोज निघताना चीरसुद्धा बंद केली.

"मौनी," तो म्हणाला, "आपण तिला परत कोंडलं रे."

त्याने खिशातली पाती काढली आणि प्लास्टिक वरपासून खालपर्यंत फाडलं. चौकटीवरची पट्टी ओरबाडून काढली. सगळं गोळा करून बाजूला फेकलं.

काही झालं नाही. वारा सुटला नाही, किंकाळी आली नाही. फक्त जळक्या गादीचा वास बाहेर आला. आणि मग…

सर्र…

चौकटीबाहेर. हॉलच्या भिंतीवर. मौनीच्या शिडीमागून. ताईच्या अगदी शेजारून. ती दादाच्या मागोमाग हॉलमध्ये येऊन भिंतीला टेकली होती, डोळे घट्ट मिटून. आवाज तिच्यापाशी जरासा थांबला. मग पुढे गेला, बाहेरच्या दारापर्यंत. ते उघडंच होतं.

मग जिन्यात. मग काही नाही.

दादाने ब्रशसुद्धा धुतले नाहीत. तसाच घरी पळाला. कडी लागलेली होती. मावशी आत पलंगावर बसून पदराचं टोक दुमडत होती. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कडी उखडून काढली. मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मावशीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तुमचं घर कुठे आहे हो?"

खोलीतला पट्टा पुन्हा आला नाही. एका हातात सीलर बसलं, वर रंग चढला. खोली दुधासारखी पांढरी झाली. दादा उरलेल्या कामासाठी मौनीला पाठवायचा आणि स्वतः आईपाशी बसायचा. आम्हाला वाटलं, चला, सुटलं सगळं.

कसलं सुटतंय! आगीतून फुफाट्यात.

पुढच्याच आठवड्यात दादा जरा आंघोळीला गेला. बाहेर येऊन बघतो तर मावशी नाही. दार सताड उघडं.

मला फोन आला. मी होते तशी धावले. पुलावर गेलो, बसथांब्यावर, बाजारात. दादा "मीच काढली कडी," एवढंच बडबडत होता. "मीच काढली."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ताई होती.

"दादा, लवकर या. आईच्या खोलीत कोणीतरी आहे. मला आत जाववत नाही."

ते घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मावशी त्या भागात जन्मात गेली नव्हती. आम्ही रिक्षाने गेलो तरी बराच वेळ लागला. जिना चढलो. ताई हॉलमध्ये उभी होती. खोलीला अजून दार बसवलं नव्हतं.

आत, पांढऱ्या भिंतीला टेकून, पलंग होता त्या जागी मावशी बसली होती.

अनवाणी. पण तिचे तळपाय स्वच्छ होते. घरातून उठून आल्यासारखे. धुळीचा कणसुद्धा नाही.

आणि तळहात काळे होते. मनगटापर्यंत काजळी. त्या घरात आता काजळीचा ठिपकाही शिल्लक नव्हता, हे मी स्वतः बघितलं.

"आई!" दादा ओरडला. मावशीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती त्याच्या मागे बघत होती. ताईकडे. आणि प्रेमाने हसली.

"आलीस?" ती म्हणाली. "दूध मिळालं का गं?"

ताई किंचाळली नाही. ती गुडघ्यांवर बसली, रांगत आत गेली आणि माझ्या मावशीच्या कुशीत शिरली. मावशी तिला थोपटत होती. एका नावाने हाक मारत होती. ते ताईचं लहानपणीचं लाडाचं नाव होतं, आईशिवाय कोणी घेत नसे, असं तिने नंतर सांगितलं. दुधाचं दादाने कोणालाच सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी ताईने भावाला फोन करून सगळं खरं सांगितलं. भाऊ अजून तिच्याशी बोलत नाही. मौनीने जळक्या घरांची कामं सोडली.

दादाने कडी परत बसवली नाही. चौकटीवर तिच्या स्क्रूची भोकं आहेत. भिंतीवरचा खिळ्याएवढा खड्डा ज्याला सहन होत नाही, त्या माणसाने ती भोकं पुट्टीने बुजवलेली नाहीत. बुजवायची म्हटलं तर पूल आठवतो, कडी परत लावायची म्हटलं तर ते दार आठवतं. म्हणून तो आता मावशीला कामावर बरोबर नेतो. खोलीच्या मधोमध स्टूल टाकतो, तिच्या डोक्यावर कागदाची टोपी घालतो. ती बसते खुशीत. "इथे डाग राहिला बघा," म्हणून त्यालाच चुका दाखवते.

कधी कधी स्टुलावरून ती बाजूच्या रिकाम्या जागेकडे वळते. आणि म्हणते, "बसा हो. कुठे सारखं फिरता?"

मी दादाला विचारलं, "कोणाशी बोलते रे?"

तो म्हणाला, "त्या म्हातारीला बाहेर पडायचं होतं, बाहेर पडली. पण घर कुठे आहे ते आठवायला नको का?"

मागच्या महिन्यात त्याने माझं घर रंगवलं. नवं कोरं घर, धूर कधी बघितलेला नाही. मावशी इथेच बसली होती, या खोलीत. काम छान झालं.

गेल्या आठवड्यात पलंग झाडायला सरकवला, तर त्याच्यामागे, गुडघ्याच्या उंचीवर, पिवळट पट्टा होता. तीन बोटं आणि अंगठा.

मी दादाला सांगितलं नाही. त्याला आणखी काय सांगायचं? मी फक्त एक केलं. दुपारी घरातलं एकही दार लावत नाही. ज्याला जिकडे जायचं असेल तिकडे त्याने जावं.

काल दुपारी मी एकटीच होते. इथेच पडले होते. डोळा लागला होता जरासा.

पट… पट… पट…

"आले, थांब!" मी झोपेतच म्हटलं. आपण म्हणतोच ना, दारावर थाप पडली की.

मग जागी झाले. दाराकडे बघितलं.

दार उघडंच होतं.

थाप माझ्या उशामागच्या भिंतीवर पडत होती.